पहिले हजार किलोमीटर

नवी मोटार घेतली म्हणजे तिच्याबरोबर एक जाडसे पुस्तकही मिळते. मोटारीच्या डावीकडच्या कप्प्यात ते विराजमान होते आणि बहुधा मोटार भंगारात जाईपर्यंत तेथेच राहते. मी मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढले. यात माझा काही विशेष गुण आहे असे नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत बारा वर्षे लिपिकाचे काम केलेल्या माणसाला नियमांचे पुस्तक दिसले की ते वाचल्यावाचून राहवत नाही. गवयाला कोपऱ्यातला तंबोरा दिसल्यावर जे होते तसेच काहीसे.

त्या पुस्तकातले एक पान मला विशेष आवडले. नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर कसे काढावेत, हे त्यात सांगितले होते. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये. वेग पूर्ण दाबू नये. वरच्या गिअरमध्ये गाडी रखडवू नये. सुरुवातीला एकदम जोराचे ब्रेक लावू नयेत. दुसरे वाहन ओढू नये. वाचता वाचता मला आमच्या नेमणुकीच्या पत्राची आठवण झाली. सरळ भरतीच्या उमेदवारास दोन वर्षांचा परिवीक्षाकाल असतो, आणि त्या काळात त्याने काय करू नये याची जाणीव त्याला पावलोपावली करून दिली जाते. मोटारीला हजार किलोमीटरांत कायम करतात, एवढाच काय तो फरक.

"काय वाचायलास येवढं?" अण्णांनी विचारले.

मी ते पान त्यांना मोठ्याने वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे छापायला कागद कशाला घालवला? मला विचारायचं होतं."

आमचे अण्णा एस. टी. चे ड्रायव्हर. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षे झाली. पण 'ड्रायव्हर होते' असे मला अजून लिहवत नाही. अंबाजोगाईच्या आगारात त्यांची बहुतेक नोकरी गेली. पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी मखमलीच्या डबीत जपून ठेवला आहे. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे दिल्लीस राहावयास आले. घरातल्या भिंतींना कंटाळले म्हणजे ते द्वारकेच्या रस्त्यावर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्यांचे आवाज ऐकत आणि घरी आल्यावर कोणत्या गाडीचा क्लच जळत चालला आहे ते सांगत.

मोटार घेण्याचे कारणही अण्णाच. त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी डोळ्यांच्या रुग्णालयात न्यावे लागे, आणि तेथे सकाळी सातच्या आत क्रमांक लावावा लागे. थंडीतल्या दिल्लीत पहाटे पाचला रिक्षा शोधीत उभे राहणे ही काय चीज आहे, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. पूर्वी सरकारी नोकराला मोटारीसाठी सरकारकडून अग्रिम रक्कम मिळत असे. माझ्या शेजारच्या टेबलावरचे जुने सहकारी त्या अग्रिमाच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली ती सोय बंद झाली. तेव्हा बँकेचे कर्ज काढले आणि एक लहानशी, तीन सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी गाडी दारात आणून उभी केली.

तिच्या नंबराच्या पाटीवर महाराष्ट्राची अक्षरे नाहीत आणि दिल्लीचीही नाहीत. वर्षाचे दोन आकडे आणि पुढे 'बीएच', म्हणजे भारत. ही मालिका २०२१ साली निघाली, आणि आपल्यासारख्या बदलीच्या वाऱ्यावर उडणाऱ्यांना ती किती उपकारक आहे हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. पूर्वी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक गाडी ठेवायची म्हणजे ना-हरकत दाखला, नवी नोंदणी, नवा कर आणि जुन्या कराच्या परताव्यासाठी सुरू होणारा पत्रव्यवहार! आता दोन-दोन वर्षांचा कर भरावा आणि सुखाने जावे. मी हे सारे अण्णांना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले. ते पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गाडी कोणत्या डेपोची म्हणायची?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

हजार किलोमीटर कशासाठी, हा प्रश्न मात्र मी तडीस नेला. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल अशी माझी कल्पना होती. ती तशी नसते. तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या असतात, आणि त्या रेघांत तेल टिकून राहते. दट्ट्याभोवतीच्या कड्या या भिंतीवर घासत खालीवर होतात. दोहोंवरचे सूक्ष्म उंचवटे हळूहळू झिजतात आणि कडी भिंतीला अशी बसते की वरचा वायू खाली उतरत नाही आणि खालचे तेल वर चढत नाही. यात एक मौज आहे. कडीला भिंतीवर दाबण्याचे काम पेट्रोलच्या स्फोटाचा वायूच करतो. तो कडीच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणून एंजिनाला अगदीच हळुवार वागविले, नुसते जागेवर गुरगुरत ठेवले किंवा मुंगीच्या पावलांनी चालविले, तर कडी दाबली जात नाही, रेघांवर तेलाचा चकचकीत थर चढतो, आणि ती पुढे कधीच नीट बसत नाही. फार ताणले तर उष्णतेने ओरखडे पडतात. थोडे काम द्यावे, थोडा विसावा द्यावा, पुन्हा थोडे अधिक काम द्यावे, असा हा मामला आहे.

मी हे सांगत असता अण्णा हसू लागले. "गोऱ्हा कसा शिकवतात, पाहिलास ना? आधी रिकाम्या गाडीला जुंपायचा. मग अर्धी भरलेली. मऊ रानात चार तास घालून बघायचे. खांदा सुजला की दोन दिवस सोडून द्यायचा. पण गोठ्यात बांधून ठेवला, तर जन्मात शिकत नाही." चिकलठाण्याच्या कार्यशाळेतून नवी कोरी बस आगारात आली म्हणजे ती पहिले काही दिवस घाटाच्या फेरीवर न देता जवळच्या, वारंवार थांबणाऱ्या फेरीवर काढावी, असा त्यांचा आग्रह असे. थांबे पुष्कळ, म्हणजे वेग आपोआप कमीजास्त होतो. दट्ट्या आणि कडी यांची आकृती त्यांनी कधी पाहिली असेल असे मला वाटत नाही.

इंग्लंडात एके काळी नव्या गाडीच्या मागील काचेवर 'गाडी रुळते आहे, कृपया पुढे जा' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी चिकटविण्याची पद्धत होती. आता यंत्रे अधिक काटेकोर झाली आहेत, रुळण्याचा काळ उतरला आहे, आणि चिठ्ठ्याही गेल्या. दिल्लीत ती चिठ्ठी लावावी असे मला फार वाटले. परंतु दिल्लीच्या रस्त्यावर कोणी पुढे जाण्यासाठी आपल्या विनंतीची वाट पाहत नाही.

यंत्रे सुधारली ही गोष्ट अण्णांना सहजासहजी मान्य नव्हती. हजार किलोमीटर झाले की पहिले तेल काढलेच पाहिजे, त्यात लोखंडाचा कीस उतरलेला असतो, हे त्यांचे ठाम मत. आमच्या गाडीच्या पुस्तकात तेल बदलण्याची वेळ पुष्कळ पुढची दिली होती. पहिल्या तपासणीच्या वेळी त्यांनी कारागिराकडून तेलाची कांडी मागून घेतली, चिमटीत तेल धरून चोळले, उन्हात बोटे तिरपी करून पाहिली. "बारीक हाय," एवढेच म्हणाले. तो तरुण कारागीर आधी हसला. मग त्यानेही तसेच चोळून पाहिले.

एंजिनाच्या या कौतुकात लोक एक गोष्ट विसरतात. ब्रेकच्या नव्या गाद्या तबकडीवर पूर्ण बसलेल्या नसतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर त्यांची पकड कच्चीच असते. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पुसटसा थर राहतो. तो झिजेपर्यंत टायर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, पुरता चिकटत नाही. म्हणजे जी गाडी आपल्याला सर्वांत भरवशाची वाटते तीच पहिल्या काही दिवसांत थांबावयास अधिक जागा मागते. आणि तिच्यात बसलेला माणूसही माझ्यासारखा, सोळा महिन्यांपूर्वी परवाना मिळालेला! एका अर्थी हजार किलोमीटर त्यालाही लागू होते. पण पुस्तकात त्याच्याविषयी काही लिहिलेले नव्हते. ते खाते अण्णांनी आपल्याकडे घेतले.

रविवारी पहाटे आम्ही निघत असू. धौला कुआँ, सरदार पटेल मार्ग, शांतिपथ, इंडिया गेट. त्या वेळी ही दिल्ली इतकी रिकामी आणि सुंदर असते, की हीच ती आपली रोजची दिल्ली यावर विश्वास बसत नाही. अण्णा डावीकडे बसत आणि फारच कमी बोलत. शिकवणी म्हणावी असे त्यात काही नव्हते. गोल चौक आला की, "आतल्याला जाऊ दे." उभ्या बसच्या पुढून जाताना, "बशीखाली पाय बघ." म्हणजे बसच्या आड उभा असलेला माणूस दिसत नाही, पण तिच्या पोटाखालून त्याचे पाय दिसतात. मूल पळत रस्त्यात येण्याआधी त्याचे पाय येतात. एकतीस वर्षांत त्यांनी किती पाय पाहिले असतील!

पुढच्या वाहनापासून अंतर ठेवण्याचा त्यांचा हिशेब निराळा होता. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजू लागायचे: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन होण्याआधी आपण खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहो. हाच तीन सेकंदांचा नियम आता पुष्कळ ठिकाणी शिकवितात. मी कागदावर हिशेब करून पाहिला. ताशी ४० च्या वेगाने माणूस धोका पाहून पाय हलवीपर्यंत, एक सेकंद धरला तर, गाडी ११ मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेकने पुढे सुमारे ९ मीटरांत थांबते. वेग ८० केला तर पहिला आकडा दुप्पट होऊन २२ होतो. दुसरा मात्र चौपट होऊन ३५ वर जातो. वीस मीटरांच्या जागी सत्तावन्न! आमच्या कार्यालयातला सर्वांत लांब वऱ्हांडासुद्धा तेवढा नाही.

मी तक्रार केली, "अण्णा, इतकी जागा सोडली की लगेच कोणीतरी मध्ये घुसतो."

"घुसू दे. तू पुन्हा मागं सरक."

"असे किती वेळा सरकायचे?"

"घुसंल तितक्यांदा. दिवसभरात पन्नास गाड्या घुसल्या तर घरी पन्नास गाड्या उशिरा पोचशील. किती मिनिटं झाली ती?"

मी त्याचाही हिशेब केला. अडीच मिनिटेही होत नाहीत.

एका बाबतीत मात्र मी त्यांचे ऐकले नाही. निसरड्यावर ब्रेक थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, ही त्यांची शिकवण होती, आणि ज्या गाड्यांवर ते शिकले त्यांच्यापुरती ती बरोबर होती. चाके अडकून गाडी घसरत जाऊ नये हा तिचा उद्देश. आताच्या गाड्यांत ते काम यंत्र करते, एका सेकंदात कित्येक वेळा. तेथे पाय जोराने दाबून तसाच धरून ठेवावा आणि चाक हवे तिकडे वळवावे. पाय थरथरला म्हणून घाबरून उचलू नये. मोकळ्या मैदानावर मी हे त्यांना करून दाखविले. पायाखालची खडखड त्यांनी ऐकली, पुन्हा एकदा करावयास सांगितले, आणि काही बोलले नाहीत. परतताना सिग्नलपाशी म्हणाले, "आमच्या वेळी हे असतं, तर मांजरसुंब्याच्या घाटात कितीक वाचले असते."

आता पट्ट्याची गोष्ट. अण्णांनी जन्मात कधी पट्टा लावला नव्हता. बसला तो नव्हताच. "बैलाला वेसण, माणसाला कशाला?" असे म्हणून ते तो टाळीत, पोलीस दिसला तर नुसता छातीवरून ओढून धरीत. एका रविवारी आम्ही पृथ्वीराज रोडवरून जात होतो. मी गाडी सावकाश केली आणि म्हणालो, "अण्णा, मुंडेसाहेबांचा अपघात या भागात झाला."

बीड जिल्ह्यातल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. ३ जून २०१४ ची ती सकाळ. केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेऊन गोपीनाथ मुंड्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ते विमानतळाकडे निघाले होते, मागील आसनावर बसले होते. दुसरी मोटार येऊन धडकली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्कार झाले. अण्णा तेव्हा नोकरीत होते. त्या दिवशी परळीकडे लोटलेली माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पण ती घटना जेथे घडली तो रस्ता इतका रुंद, इतका शांत, दोन्ही बाजूंनी झाडांनी झाकलेला असेल, हे त्यांच्या मनात कधी आले नसावे. "हितं?" त्यांनी विचारले. "ह्या रस्त्यावर?" मागील आसनावरच्या माणसानेही पट्टा लावावा, ही चर्चा त्या अपघातानंतर दिल्लीत पुष्कळ झाली, आणि मग हळूहळू विझली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला; पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. पुन्हा चर्चा झाली. त्याच २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवालात नमूद आहे. दिवसाला साडेचारशेहून अधिक. मी आकड्यांत वावरणारा माणूस. पण या आकड्यापुढे माझी लेखणी क्षणभर थांबते.

ताशी ५० च्या वेगाने जाणारी मोटार भिंतीला आदळली तर आतला माणूस ताशी ५० च्याच वेगाने पुढे जात राहतो. तो धक्का दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. पुढच्या खणातून फुगणारी पिशवीही पट्टा लावला आहे असे धरूनच बनविलेली असते. हे मी अण्णांना सांगणार होतो. पण सांगावे लागले नाही. पृथ्वीराज रोड संपता संपता डावीकडून 'खट्' असा आवाज आला. मी समोर पाहत राहिलो. मागे माझी पत्नी होती, मांडीवरची झोपलेली मुलगी तिने उठवून बाजूला बसविली. आणखी दोनदा 'खट्' झाले.

डोळ्यांचे सांगावयाचे राहिलेच. अण्णांना काचबिंदू आहे. हा रोग मोठा कावेबाज. तो दुखत नाही, खुपत नाही. मधली नजर तो शेवटपर्यंत शाबूत ठेवतो आणि कडेची चोरून नेतो. जी जागा गेली तेथे काळोखही दिसत नाही, कारण मन ती रिकामी जागा आपल्या कल्पनेने भरून काढते. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंबांनी, फार तर, उरलेली राखता येते. रुग्णालयात एका पेटीत हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे पाहावयास सांगतात, आणि कडेला कोठे दिवा लुकलुकला तर बटण दाबावयाचे असते. अण्णा ती परीक्षा देऊन बाहेर आले ते वैतागून. "मशीन बिघडलंय त्यांचं. कितीक वेळ दिवा लागतच नाही." मशीन बिघडलेले नव्हते. छापून आलेल्या कागदावर दोन्ही डोळ्यांच्या डाव्या खालच्या भागात काळा डाग पसरला होता.

आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. सायकल, हातगाडी, फुटपाथवरून उतरणारे मूल, हे सारे त्याच्या डाव्या खालच्या अंगाला असते. अण्णा वर्तमानपत्र चष्म्यावाचून वाचीत. शंभर पावलांवरच्या गाडीचा नंबर सांगत. त्यांच्या परवान्याची मुदतही अजून संपलेली नव्हती. "मला सगळं दिसतंय की!" असे ते म्हणत, आणि त्यांच्या बाजूने ते खरे होते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते. घरी कोणीच तो विषय काढीत नव्हते. ज्या माणसाने आयुष्यात दुसरे काहीच केले नाही आणि जे केले ते एवढे चोख केले, त्याला हे सांगावयाचे तरी कोणत्या शब्दांत? कार्यालयात मी रोज नकाराची पत्रे लिहितो. 'खेदाने कळविण्यात येते की' हे शब्द माझ्या बोटांतून आपोआप उमटतात. येथे ते कामाचे नव्हते.

मार्च महिन्यात ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. पत्नीची मावशी तेथे लष्करात राहते. तिच्या नातीचे बारसे होते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून ज्या वस्तीला लष्कर हे नाव पडले, तेथे अजून पुरणपोळीच्या वासाने ओळखू यावीत अशी घरे आहेत. गाडीचे ६४० किलोमीटर झाले होते. जाऊन येऊन सातशेच्या आसपास. म्हणजे हजाराचा टप्पा याच प्रवासात ओलांडला जाणार होता. आदल्या संध्याकाळी अण्णांनी टायरांतली हवा माझ्याकडून दोनदा पाहून घेतली. यमुना एक्स्प्रेसवे काँक्रीटचा आहे, उन्हात तापतो, आणि मऊ टायर तेथे फुटतात. शिवाय हवा टायर थंड असतानाच मोजावी, चालवून आल्यावर नव्हे, कारण मग आकडा फुगलेला दिसतो.

पहाटेचा अंधार पुरता सरल्यावरच निघालो. ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंत १६५ किलोमीटरचा तो सरळसोट रस्ता. २०१२ साली तो खुला झाला. असा रस्ता माणसाला झोपवितो. हिवाळ्यात तेथे धुके पडते म्हणून वेगाची मर्यादा आणखी खाली आणतात. आम्ही गेलो तेव्हा मोहरीची शेते लांबवर स्वच्छ दिसत होती. नव्या एंजिनाला एकसुरी वेग वर्ज्य, म्हणून मी कधी सत्तर, कधी नव्वद असा चालवीत होतो. अण्णा डोळे मिटून एंजिन ऐकत होते.

मध्ये एका सुविधा केंद्रावर चहासाठी थांबलो. चहा संपल्यावर ते गाडीच्या उजव्या बाजूला गेले आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "आग्र्यापर्यंत मी घेतो. रस्ता मोकळा हाय."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मुलगी टाळ्या वाजवू लागली, "आजोबा चालवणार!"

"नाही, अण्णा," मी म्हणालो.

"का?"

"डावीकडचं दिसत नाही तुम्हांला."

बस्स, एवढेच. इतके महिने जे शब्द मी शोधीत होतो ते इतके साधे निघाले. अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले, की त्या क्षणी मी त्यांचा मुलगा नव्हतो. रात्रपाळीच्या ड्रायव्हरला गाडीवरून उतरविणारा कोणी अधिकारी होतो. त्यांनी वाद घातला नाही. फिरून डावीकडे गेले, बसले, पट्टा लावला. आग्र्यापर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. मी तीन सेकंद मोजीत राहिलो.

आग्र्यापुढे रस्त्याचा रंग बदलला. मागील दिवा नसलेल्या ट्रॉल्या, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली, मध्येच बसलेली गुरे. धौलपूर मागे पडले, चंबळेचा पूल आला. तेथे अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडले. "उसाची ट्रॉली हाय पुढं. तिच्या मागं राहू नको. ऊस बाहेर आलेला असतो, काचेतून आत येतो." समोर, रस्त्याच्या मधोमध, फार लांबवर ती ट्रॉली होती. मला ती अजून नुसता ठिपकाच दिसत होती.

ग्वाल्हेरला बारसे उत्तम झाले. मावशींच्या घरच्या मंडळींत अण्णा रमले, एस. टी. च्या गोष्टी सांगून त्यांनी सर्वांना हसविले. गाडीविषयी कोणी विचारले तेव्हा "पोरगा बरी चालवतो," असे ते म्हणाल्याचे पत्नीने मला रात्री सांगितले.

परतीच्या वाटेवर मुरैना सोडल्यानंतर आकडा हजारावर गेला. मी तो बोलून दाखविणार, इतक्यात अण्णाच म्हणाले, "सुटली बघ." मला काही फरक जाणवला नव्हता. त्यांनी हाताने दाखविले. चढावर आधी गाडी किंचित कण्हत असे, ते आता नाही. मी कान देऊन ऐकले. खरोखरच आवाज अंमळ मोकळा झाला होता, किंवा त्यांनी सांगितल्यामुळे मला तसे वाटले असेल.

आग्र्याच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवलो. पत्नी मुलीचे हात धुवावयास घेऊन गेली. मी पैसे देऊन वळलो तो अण्णा उजवीकडच्या आसनावर बसलेले. किल्ली माझ्या खिशात होती. त्यांनी आसन जरासे मागे सरकविले, आरसा आपल्यापुरता फिरविला, क्लच दोनदा तळापर्यंत दाबून पाहिला, गिअर पहिल्यापासून पाचव्यापर्यंत एकेक करून टाकले आणि पुन्हा मोकळा केला. दोन्ही हात चाकावर ठेवून ते काही वेळ समोर पाहत बसले. समोर ढाब्याची भिंत होती. मी विडीवाल्याच्या टपरीपाशी उगाच उभा राहिलो.

थोड्या वेळाने ते उतरले. आरसा मी ठेवतो तसा त्यांनी फिरवून ठेवला, आसन पुढे ओढले, आणि गाडीला वळसा घालून डावीकडे येऊन बसले.

"चल," ते म्हणाले, "उजेड हाय तोवर दिल्ली गाठू."